रिकामी अंबारी

गेल्या मे महिन्यात माझा नातू पुण्याहून रावेरला आला, तो पानिपतची लढाई पिशवीत घालूनच आला. रावेरचा मे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. सकाळी दहानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, आणि एरवी गारवा देणाऱ्या केळीच्या बागांतूनही वारा येतो तो भट्टीच्या तोंडावरून आल्यासारखा. अशा वेळी म्हाताऱ्याने आणि पोराने माजघरात फरशीवर पालथे पडून राहावे, हेच शहाणपणाचे. आम्ही तेच करीत होतो. फरक इतकाच की आमच्या दोघांच्या मध्ये पानिपतचे मैदान पसरलेले होते.

मैदान केळीच्या खोक्याचे होते. परदेशी जाणाऱ्या केळ्यांसाठी हल्ली इकडे पुठ्ठ्याची खोकी येतात. त्यांतले एक उलगडून नातवाने त्यावर षटकोनी घरे आखली होती. उत्तरेला भाऊ, दक्षिणेला अब्दाली, कडेला यमुना. सैन्य माझ्या फडताळातले. आख्खे तपकिरी चिंचोके ते मराठे, फोडलेले पांढरे ते अफगाण. हत्तीच्या जागी त्याने आजीच्या जुन्या बटव्यातल्या सुपाऱ्या मांडल्या होत्या. वहीत प्रत्येक पथकापुढे तीन रकाने होते. ताकद आणि वेग हे दोन भरलेले, तिसरा कोरा. त्यावर लिहिले होते, ‘मनोधैर्य’.

“आजोबा, तुम्ही इतिहास वाचता ना? मग सांगा, मराठ्यांना दहापैकी किती देऊ?”

मी जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली. दहापैकी आकडे भरण्याची मला सवय आहे. पण या रकान्यापाशी पेन्सिल अडली ती अडलीच. “उद्या सांगतो,” म्हणून मी वेळ मारून नेली. (कारकुनीत हेही शिकलो.)

आमच्या लहानपणी हा रकाना नव्हता. मी आणि दादा याच माजघरात चिंचोक्यांच्या लढाया लढलो. दादा थोरला, म्हणून तो नेहमी शिवाजी महाराज. मी कधी अफजलखान, कधी शाइस्ताखान. गोटी मारायची, जो चिंचोका उडून पडेल तो मेला. शेवटचा चिंचोका उडेपर्यंत लढाई चाले. माझ्या बाजूला दोनच चिंचोके उरले आणि दादाचे तीस असले, तरी ते दोघे बेटे छाती काढून उभे! तेव्हा त्याचे काही वाटले नाही. पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की शेवटच्या माणसापर्यंत लढलेल्या लढाया जगात फार थोड्या. बहुतेक लढाया निम्मी माणसे धडधाकट उभी असतानाच हरल्या गेल्या आहेत. मरण्याआधी माणूस पळतो. चिंचोका पळत नाही.

आणि या बाबतीत मोठमोठ्यांचीही तीच गत आहे. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ मध्ये शिशाच्या शिपायांनी खेळायच्या लढाईवर पुस्तक लिहिले. त्याचे शिपाई स्प्रिंगच्या तोफेने पडतात, कैदही होतात, पण घाबरत नाहीत. आपल्या बुद्धिबळातले प्यादे तर मागे जाणारच नाही, तसा नियमच आहे. तरी बुद्धिबळाला एक गोष्ट अचूक कळली आहे असे मला वाटते. पटावर वजीर, हत्ती, घोडे सारे शाबूत असोत. राजा गेला की तेच लाकडाचे तुकडे होतात.

नातवाला हे सांगितले तर तो हसला. “आजोबा, संगणकावरच्या खेळात पळतात ना शिपाई!” आणि त्याने मला ‘टोटल वॉर’ नावाच्या खेळातली एक लढाई दाखवली. खोटे कशाला बोलू, मी थक्क झालो. हजारो माणसे, धूळ, घोडे. आणि खरोखरच एक पथक डगमगू लागले, त्यावर पांढरे निशाण लुकलुकले आणि माणसे पाठ फिरवून पळत सुटली. सेनापती पडला तर साऱ्यांची हिंमत उतरते, कुशीवर हल्ला झाला तर उतरते, शेजारचे पथक पळाले तरी उतरते. यंत्राला एवढे समजावे हे काही थोडे नाही. पण मला एक गोष्ट खटकली. खेळणाऱ्याने पथकावर बोट ठेवले की त्याची हिंमत किती उरली ते लगेच समोर दिसे. भाऊसाहेबांना असे दिसले असते तर!

तिथून आमचे भांडण सुरू झाले. चांगले आठ दिवस चालले.

नातवाचे म्हणणे सरळ होते. मराठे दोन-अडीच महिने पानिपतला कोंडलेले. रसद तुटलेली. ती आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, त्याच महिन्यात बळवंतराव मेहेंदळे पडले. माणसे उपाशी, जनावरे मेलेली. तेव्हा मनोधैर्य दहापैकी दोन. हिशेब चोख. मी म्हटले, बाबा रे, दोन दिलेस तर तुझे चिंचोके पहिल्याच डावात पळतील, आणि तसे तर झाले नाही. काशिराजाने त्या दिवसाचे वर्णन लिहून ठेवले आहे. आदल्या रात्री सरदार आणि शिपाई भाऊंकडे आले, की दोन दिवस पोटात अन्न नाही, असे झुरून मरण्यापेक्षा लढून मरू. उरलासुरला दाणा त्या रात्री शिजवला, विडे वाटले. पहाटे माणसे बाहेर पडली ती तोंडाला हळद फासून, पागोट्यांचे शेव मोकळे सोडून. १४ जानेवारी १७६१. आणि ही उपाशी, हळद फासलेली माणसे दुपारपर्यंत असे काही लढली, की इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडली, आणि मध्यावर अब्दालीचा वजीर घोड्यावरून उतरून आपल्याच पळणाऱ्या लोकांना ओरडू लागला, की अरे, आपला मुलूख किती लांब आहे, पळून जाणार कुठे? यांचे मनोधैर्य दोन?

“मग आठ देऊ?”

“आठ दिलेस तर दुपारनंतर पळतील कसे?”

दुपारी विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर बसून गर्दीत घुसले. माणूस म्हणून पाहिले तर याहून शूर गोष्ट त्या दिवशी कोणी केली नसेल. पण मागच्यांना काय दिसले? हत्ती दिसला, अंबारी दिसली, अंबारीत भाऊ दिसले नाहीत. भाऊ त्या वेळी जिवंत होते, लढत होते, पन्नास पावलांवर असतील. तरी ते गेलेच असे सैन्याने धरले, आणि जे सकाळपासून तोफांना हटले नव्हते ते एका रिकाम्या जागेला हटले. उपासमारीने त्यांचा पहिला धीर नेला नव्हता. उलट वाढवला होता. नेला तो दुसरा. एकदा मोडल्यावर पुन्हा उभे राहायला जे लागते, ते त्या अडीच महिन्यांत पोटात जिरून गेले होते. अब्दालीकडे पळणाऱ्यांना तलवारीच्या धाकाने परत लोटायला नसकची होते, राखून ठेवलेली ताजी माणसे होती. आपल्याकडे मागे काय होते? बायका-मुले, यात्रेकरू, बुणगे.

नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सिंहगडावर नाही का, तानाजी पडल्यावर मावळे पळायला लागले आणि सूर्याजीने दोर कापले? तसा नियम टाकू. दोर कापले की मनोधैर्य दहा.” पोरगा हुशार आहे, पण अजून गोष्टींवर त्याचा फार विश्वास आहे. पानिपतावर दोर अब्दालीनेच कापले होते. पुण्याची वाट बंद होती हे प्रत्येकाला ठाऊक होते. तरी माणसे पळाली. सूर्याजीची गोष्ट खरी धरली तरी त्याने नुसते दोर कापले नाहीत; तो दोरापाशी उभा होता. पळणाऱ्याला दोराऐवजी त्याचे तोंड दिसले.

हे मी म्हणालो, आणि मग माझे मलाच आडगाव आठवले. आडगाव इथून फार लांब नाही. सातपुड्याच्या कडेकडेने पूर्वेला गेले की अकोला जिल्ह्यात, अकोटच्या बाजूला. इंग्रजी पुस्तकांत त्याचे ‘आरगाव’ झाले आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला वेलस्लीने अजिंठ्याच्या पलीकडे असईला शिंद्यांच्या तोफांवर थेट चाल केली. दीड हजारांवर माणसे मेली-जखमी झाली, पण पलटणी हटल्या नाहीत. दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, आडगावच्या गावकुसाला वळसा घालून त्याच फौजेतल्या तीन पलटणी मोकळ्यावर आल्या, समोरून तोफा सुटल्या, आणि त्या पळाल्या. असईत ज्यांनी नाव काढले होते, त्याच. तोफांचा मारा असईच्या मानाने काहीच नव्हता, असे वेलस्लीनेच पुढे लिहिले. पगार तोच, कप्तान तेच, मागे जिंकलेली लढाई. कुठल्या रकान्यात काय लिहाल? वेलस्ली योगायोगाने जवळच होता. त्याने त्यांना गोळा केले, पुन्हा उभे केले, पुढे नेले, आणि संध्याकाळपर्यंत त्याच पलटणी जिंकल्या. सगळ्या फौजेची हानी चारशेच्याही आत. तो अर्धा मैल दूर असता तर?

‘मनोधैर्य’ हा शब्दच मला कचेरीतला वाटतो. त्याला पाहिले की खालच्या ओळीत सही करावीशी वाटते. बोलण्यात आपण तो कधी वापरतो? आपण म्हणतो, हातपाय गळाले, कंबर खचली, अवसान गेले, पाय निघाला. पाय निघाला! जणू पाय हा वेगळाच कोणी असामी, धन्याला न विचारता निघून गेला. ज्याने पहिल्यांदा असे म्हटले तो कधीतरी पळालेला असला पाहिजे.

“आजोबा,” नातू म्हणाला, “पळणाऱ्याला आतून काय वाटतं, ते तुम्हाला कसं माहीत?”

मुले असे प्रश्न सहज विचारतात. त्या वेळी मी पाणी प्यायला उठलो. रात्री गच्चीवर अंथरुणे टाकली तेव्हा त्याला सांगितले. घरात हे कोणाला सांगितलेले नव्हते. म्हणजे बायकोला माहीत होते, पण तिला सांगावे लागले नव्हते.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्त्यासाठीचा संप डिसेंबर १९७७ च्या मध्याला सुरू झाला आणि ५४ दिवस चालला. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, एका लहानशा कचेरीत कनिष्ठ कारकून. आम्ही चौदा जण. कचेरीसमोर कडुनिंबाखाली सतरंजी टाकून रोज दहाला बसायचे, पाचला उठायचे. अण्णा आमचे पुढारी. पुढारी म्हणजे भाषण करणारे नव्हेत. अण्णांना चार वाक्ये धड जोडता येत नसत. पण ते निंबाच्या बुंध्याला टेकून बसत आणि सुपारी कातरत, आणि त्यांच्याकडे पाहून आम्हाला वाटे की हे सारे ठीक चालले आहे. सतरंजीवरची प्रत्येकाची जागा ठरून गेली होती.

पहिला महिना मजेत गेला म्हटले तरी चालेल. उधारीवर दाणा मिळत होता, कळण्याची भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा होता, थंडीचे दिवस होते. पगार नाही हे कळत होते, पण जाणवत नव्हते. मग वाण्याने वही न उघडता नुसते माझ्याकडे पाहिले. मग दूधवाल्याने अर्ध्याचे पाव केले. धाकटी आठ महिन्यांची होती. बायको एक शब्द बोलली नाही; मी मात्र तिच्या न बोलण्यातले शब्द मोजू लागलो. तरी रोज सकाळी सतरंजीवर जाऊन बसलो, की माझ्याइतका खंबीर कोणी नाही असे मलाच वाटे. कोणी मला दहापैकी विचारले असते तर मी नऊ म्हणालो असतो, आणि ते खोटे नव्हते.

संक्रांत होऊन पाच दिवस झाले होते. संपाचा ३७ वा दिवस. मी दहाला गेलो तर अण्णांची जागा रिकामी. अकरा वाजले, बारा वाजले. कोणी म्हणाले, रात्री त्यांच्याकडे साहेबांचा माणूस येऊन गेला. कोणी म्हणाले, मागच्या दाराने आत गेलेत. कोणी पाहिले नव्हते. पण सगळे त्या निंबाच्या बुंध्याकडे पाहत होते, आणि मग एकमेकांकडे. आणि मग कोणीच कोणाकडे पाहीना. बारानंतर मी लघवीला म्हणून उठलो. गंमत पाहा, मी खरोखर लघवीलाच उठलो होतो. कचेरीच्या मागे गेलो, मागचे दार उघडे होते, आणि माझा पाय निघाला. हजेरीपटावर सही करताना पाहिले, वरच्या तेरा ओळी कोऱ्या होत्या. अण्णांचीही.

तेव्हाही परत फिरता आले असते. शाई वाळली नव्हती. पण माझ्या आणि सतरंजीच्या मध्ये कोणी उभे नव्हते.

पाचला मागच्या दाराने बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर यायचे ते आलोच. निंबाखाली अण्णा आपल्या जागी बसले होते. त्यांच्या आईला पहाटे अर्धांगाचा झटका आला, म्हणून ते सावद्याकडच्या आपल्या गावी गेले होते आणि चारच्या एसटीने परत आले होते. एवढेच. त्यांनी मला पाहिले, मागच्या दाराकडे पाहिले, आणि विचारले, “जेवला का रे?” मी हो म्हणालो. मी जेवलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी सतरंजीवर जाऊन बसलो असतो तर कोणी काही म्हणाले नसते. अण्णांनी तर नाहीच. मी गेलो नाही, कचेरीत गेलो. आणि त्या दिवशी दुपारी माझी रिकामी जागा पाहून आणखी दोघे आत आले. तिसरा त्यानंतर. बाकीचे दहा जण शेवटपर्यंत बसले. संप मिटल्यावर सगळे कामावर आले. अण्णांचे टेबल माझ्या शेजारी होते, ते अकरा वर्षे तिथेच राहिले. भरताच्या दिवसांत डबा उघडला की आधी माझ्या ताटलीत वाढत. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. आता त्यांना जाऊन वीस वर्षे झाली.

नातू बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटले झोपला. मग अंधारातून आवाज आला, “म्हणजे आजोबा, तुम्हालाही आधी माहीत नव्हतं.”

“काय?”

“की तुम्ही पळणार आहात.”

सकाळी उठून पाहतो तो त्याने वहीतला तिसरा रकाना खोडून टाकला होता. दिवसभर आम्ही नवे नियम केले. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटाने १८२४ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी लढाईचा खेळ रचला, त्यात एक पंच असे. खऱ्या रणांगणावर सेनापतीला जेवढे दिसले असते तेवढेच तो खेळाडूंना सांगे. आम्ही तो पंच उचलला. हिंमतीचा हिशेब पंचाच्या वहीत, खेळणाऱ्याने तो पाहायचा नाही, विचारायचाही नाही. चिंचोक्याने आपला आकडा पाहायचा नाही, शेजारच्या घरात कोण आहे ते पाहायचे. उपासाचे दिवस पहिल्या हल्ल्यात मोजायचे नाहीत. मोडलेले पथक पुन्हा उभे करायची वेळ येईल तेव्हा मोजायचे, तेही व्याजासकट. आणि पळणाऱ्या चिंचोक्याच्या वाटेत, लगतच्याच घरात, कोणी सरदार उभा असेल तर फासा टाकून पाहायचा. आडगावचा नियम म्हणून त्याने तो लिहिला. नियम म्हणून हे कितपत टिकतील कोण जाणे; लगतच्याच घरात का, दोन घरांवर का नाही, यावर त्याने पुष्कळ वाद घातला. मी ऐकले नाही.

संध्याकाळी ऊन कलल्यावर डाव मांडला. अब्दालीचा वाटा शेजारच्या पोराकडे. नातू भाऊ, मी पंच. सकाळ मराठ्यांची गेली; गारद्यांनी डाव्या बगलेला तीन पांढरे चिंचोके उडवले आणि नातू टाळ्या पिटू लागला. दुपारच्या चौथ्या डावाला फासा पडला आणि विश्वासराव गेले. नातवाने भाऊची सुपारी उचलली. हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले तर पुढच्या दोन घरांत भाऊ स्वतः लढू शकत होते, आणि तिथे त्यांची फार गरज होती. मागच्या नऊ घरांतून काय दिसेल ते माझ्या वहीत लिहिलेले होते.

“आजोबा,” तो म्हणाला, “उतरू का?”

पंचाने बोलायचे नसते. मी वही मिटून मांडीवर घेतली. त्याने सुपारी दोन बोटांत धरून ठेवली होती, आणि माझ्याकडे न पाहता तो एकेका चिंचोक्याकडे पाहत होता.